फुलं राहू दे, माती दाखव

साताऱ्यात आमच्या गच्चीवर आईच्या एकशे बारा कुंड्या आहेत. आकडा तिचाच. पाणी घालताना ती मोजते. शाळेत बाई होती, हजेरी घेतल्याशिवाय तिला चैन पडत नाही. मी जर्मनीतल्या श्टुटगार्टहून व्हिडिओ कॉलवर कुठलंही फूल दाखवलं की पहिलं वाक्य ठरलेलं : "ते राहू दे गं, माती दाखव." मग मी फोन खाली न्यायचा आणि तिनं ओळखायचं, पोयटा आहे की नुसता मुरूम, की दुकानातलं कोकोपीट. कोकोपीटला ती "भुसा" म्हणते आणि तोंड वाकडं करते.

२०२१ च्या सप्टेंबरात मी युबरलिंगनला उद्यान मेळा बघायला गेले, तेव्हा आम्हाला भेटून दोन वर्षं होत आली होती. कोरोना होता, विमानांचं काही खरं नव्हतं. निघताना मी पॉवर बँक भरून घेतली. स्वतःसाठी नाही, आईला फिरवायचं होतं.

हा मेळा म्हणजे लांडेसगार्टनशाऊ. आपल्याकडच्या पुष्पप्रदर्शनासारखं चार दिवस मांडव घालून, बक्षिसं वाटून आटोपण्याचं काम नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात ही प्रथा १९८० साली उल्मपासून सुरू झाली. एखादं गाव कित्येक वर्षं आधी निवडतात, सरकार पैसे देतं, मग गावातली पडीक जागा, बंद पडलेला कारखाना, गाड्यांनी अडवलेला नदीकाठ, असलं काहीतरी सुधारून घ्यायचं. वसंतापासून शरदापर्यंत तिकीट लावून फुलं दाखवायची आणि नंतर ती बाग गावाला कायमची मिळते. फुलं हे निमित्त. खरा डाव नगररचनेचा. युबरलिंगनचा मेळा २०२० ला व्हायचा होता, तो वर्षभर पुढे ढकलला गेला. बोडनझे म्हणजे लेक कॉन्स्टन्सच्या काठावर भरलेला राज्यातला हा पहिलाच. गावात आधी त्यावरून भांडणंही झाली. २०१३ मध्ये मेळा हवा की नको यावर चक्क मतदान झालं आणि "हवा" म्हणणारे जिंकले.

युबरलिंगनला जाते म्हणून ऑफिसात सांगितलं, तर एक सहकारी म्हणाला, "ते विमानांचं गाव ना?" १ जुलै २००२ च्या रात्री त्या भागावर दोन विमानं आकाशात एकमेकांवर आदळली. ७१ माणसं गेली. त्यात बहुतेक रशियातल्या बाश्कोर्तोस्तानहून सुट्टीला निघालेली शाळकरी मुलं होती. गावाचं नाव असं एखाद्या रात्रीला चिकटलं की सुटत नाही. तेराव्या शतकातल्या तटबंदीचं गाव, पण लोकांना आठवतं ते हेच.

श्टुटगार्टहून झिंगेन, तिथून राडोल्फत्सेल, पुढे तळ्याच्या काठाकाठानं जाणारी डिझेलची छोटी गाडी. मेळ्याच्या पश्चिमेच्या दारासाठी "युबरलिंगन थर्मे"ला उतरायचं, असं मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं होतं. कागद पर्समध्ये आणि मी झोपेत. जाग आली तेव्हा गाडी पुढच्या, गावातल्या स्टेशनात उभी होती. दोन्ही बाजूंना उभा कापलेला खडक, पुढे बोगदा, मागे बोगदा. खंडाळ्याच्या घाटात उतरल्यासारखं वाटलं, फक्त वडेवाला नव्हता.

पण चुकले ते बरंच झालं. त्या स्टेशनावरून वर आलं की जुना खंदक लागतो. खंदक म्हटल्यावर मला पाणी आणि मगरी आठवतात. हा कोरडा आहे, चांगला खोल आणि दोन्ही बाजूंनी सरळसोट कापलेला. खडक पिवळट करडा, वालुकाश्म, इथे त्याला मोलासं म्हणतात. बोट घासलं तर रवा निघतो. असा खडक हाताशी असल्यावर माणूस गप्प बसेल का? या गावानं शतकानुशतकं तो पोखरलाय. खंदक काढला, घरांखाली तळघरं काढली, गावाबाहेर गोल्डबाखला खडकात गुहा होत्या, पुढे आगगाडीचे बोगदे आले. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण सुतकी चेहऱ्यानं छिन्नीची वाट बघायला लावतो, हा मात्र भाकरीसारखा मोडतो. मी तो खडक आईला दाखवला नाही, नेटवर्क नव्हतं. नाहीतर पुढचं सगळं तिथेच कळलं असतं.

गाव सुंदर आहे, आणि ते त्याला माहीत आहे. धक्क्याजवळ ग्रेट नावाची प्रचंड इमारत आहे, जुनं धान्याचं कोठार. मागच्या मुलखातलं धान्य इथं विकलं जायचं आणि होड्यांतून पलीकडे स्वित्झर्लंडला जायचं. त्या पैशावर हे गाव सम्राटाखेरीज कुणाला जुमानत नव्हतं. १६३४ मध्ये स्वीडिश सैन्यानं वेढा घातला, गाव पडलं नाही. तेव्हा बोललेला नवस अजून फेडतात, मे आणि जुलैमध्ये मरीयेची मिरवणूक काढून. नवस आणि मिरवणूक म्हटल्यावर मला लगेच घरी आल्यासारखं वाटलं.

सेंट निकोलस म्युन्स्टर म्हणजे गावातल्या मोठ्या चर्चमध्ये मी पाच मिनिटं म्हणून शिरले आणि पाऊण तास बसले. योर्ग त्स्युर्न या कारागिरानं १६१३ ते १६१६ या काळात केलेली वेदी आहे. लिंडनच्या लाकडाची, चार मजली आणि बिनरंगाची. जर्मनीतल्या जुन्या वेद्या बहुतेक सोन्यानं माखलेल्या असतात, डोळे दिपतात आणि काही दिसत नाही. इथे नुसतं लाकूड, त्यामुळे सावली दिसते. मध्यभागी गोठा, बाळ, आणि भोवती गर्दी केलेले मेंढपाळ. त्यांच्या कपड्यांच्या चुण्या, गुडघ्यापाशी ताणलेलं कापड. वर मरीयेला मुकुट, पण माझी नजर परत परत त्या मेंढपाळांकडेच. बाळ बघायला आलेली माणसं जशी दाटीवाटीनं मान पुढे काढतात, तशीच. बारशाला आलेला आमचा सगळा वाडा आठवला.

धक्क्यावर एक कारंजं आहे, पेटर लेंक या शिल्पकाराचं, १९९९ मधलं. त्यात या भागातच राहिलेल्या एका नामवंत लेखकाला घोड्यावर बसवलंय आणि म्हाताऱ्याचा चेहरा असा काही केलाय की तो लेखक त्यावर खूश असणं शक्यच नव्हतं. घोडा का, तर इथली एक जुनी दंतकथा. हिवाळ्यात एक स्वार होडी गाठायची म्हणून तळ्याकडे निघतो. बर्फाचं माळरान तुडवत तुडवत एका गावात पोचतो आणि विचारतो, तळं अजून किती लांब? लोक म्हणतात, अरे, तू तळ्यावरूनच आलास. हे ऐकून तो भीतीनं जागीच मरतो. जर्मनमध्ये त्यावरून वाक्प्रचारही आहे. मी तिथे बसून आईस्क्रीम खाल्लं आणि गोष्ट विसरूनही गेले.

मेळा गावभर पसरलेला होता. जुन्या तटाजवळच्या मेनत्सिंगर बागा, बुरुजाखालच्या रोझेनोबेल बागा, पाण्यावर नांगरलेल्या तरंगत्या बागा, मग जुन्या हवेल्यांची आवारं, आणि पश्चिमेच्या टोकाला उफरपार्क. तरंगत्या बागांचं मला फारसं कौतुक वाटलं नाही. पाण्यावर आधीच इतकं काही असताना त्यावर कुंड्या कशाला? हवेल्यांमधल्या बागा मात्र छान. तिथे राजगिरा होता! लाल तुर्‍याचा राजगिरा, मधोमध, एखाद्या राजपुत्रासारखा लावलेला, आणि भोवती माणसं वाकून पाटी वाचताहेत.

दुपारी एक वाजता, म्हणजे साताऱ्यात साडेचार, चहाच्या वेळेला, फोन लावला. मी उफरपार्कमध्ये पोचले होते. समोर निळं तळं, पलीकडे डोंगर, आणि मधल्या वाफ्यात शेंदरी कर्दळ.

"अगं ही तर कर्दळ," आई म्हणाली. "आपल्या मोरीच्या पाण्यावर वाढते ती."

"आई, इथं तिकीट काढून बघतात."

"वेडे आहेत. आणि नाव काय लिहिलंय?"

मी पाटी वाचली. जर्मनमध्ये तिला जे म्हणतात त्याचा अर्थ होतो भारतीय फुलांचा वेत. झाड मुळात अमेरिकेतलं आहे हे मी सांगितलं, पण आईनं तो मुद्दा फेटाळला. भारतीय लिहिलंय ना, मग झालं. थंडी पडायच्या आधी हे लोक कर्दळीचे कंद उकरून तळघरात ठेवतात आणि वसंतात परत लावतात, हे ऐकून तिला गहिवरून आलं. मोरीवरच्या कर्दळीची एवढी बडदास्त! डेलिया दाखवले, झिनिया दाखवला. मग तो प्रश्न आलाच.

"बरं, आता माती दाखव."

मी फोन खाली नेला. वाफ्याच्या कडेची माती जरा बाजूला केली. वरचा थर काळा, खताचा. त्याखाली बारीक, पिवळट, रवाळ काहीतरी.

"हे काय? ही माती नाही. भराव घातलाय कुणीतरी," आई म्हणाली. "तळ्याकाठी गाळ असायला पाहिजे. हा डोंगरातला माल आहे. विचार कुणालातरी."

मेळ्यात स्वयंसेवक असायचे, गावातलेच निवृत्त लोक, गळ्यात ओळखपत्र आणि बोलायची हौस. कर्दळीपाशी एक आजोबा उभे होते. मी विचारलं, ही जमीन आधीपासूनची आहे का? त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग वर बोट केलं, रस्त्यापलीकडे, रुळांपलीकडे, जिथे तोच पिवळट खडक कड्यासारखा उभा आहे.

"ही जमीन नाही," ते म्हणाले, "हा डोंगर आहे. आतून काढलेला."

आई फोनवर होती. तिला जर्मन येत नाही. तिनं विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, तू बरोबर होतीस, भराव आहे. तेवढंच सांगितलं.

बाकीचं असं. २८ एप्रिल १९४४ ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी तळ्याकाठच्याच फ्रीड्रिक्सहाफेनवर बॉम्ब टाकले. विमानं, इंजिनं, गिअर बनवणारे कारखाने तिथे होते. ते जमिनीखाली हलवायचं ठरलं आणि मऊ खडकाचं युबरलिंगन सापडलं. ऑक्टोबर १९४४ मध्ये डाखाऊ छळछावणीची एक शाखा इथे उघडली. सुमारे ८०० कैदी आणले, त्यात इटालियन पुष्कळ, शिवाय स्लोव्हेनियन, रशियन, पोलिश. बारा बारा तासांच्या पाळ्या. सात महिन्यांत त्यांनी साधारण चार किलोमीटर बोगदे खोदले. किमान १६८ माणसं मेली. एप्रिल १९४५ ला युद्ध दाराशी आलं आणि छावणी रिकामी केली. त्या बोगद्यांत एकही इंजिन कधी बनलं नाही.

आणि खोदलेला दगड? तो खाली तळ्यात टाकला. काठ पुढे सरकला, सपाट जागा झाली. तिथे नंतर लोक तंबू लावून सुट्ट्या घालवायचे. आता तिथे बाग आहे. कर्दळ होती ती तिथे.

आजोबांनी हे सगळं पाच मिनिटांत सांगितलं, पाठ केल्यासारखं नाही, पण अनेकदा सांगितल्यासारखं. दोघे कैदी निसटले होते हेही सांगितलं. आडाम पुंचार्ट हा ऑस्ट्रियन आणि वासिली स्क्ल्यारेंको हा युक्रेनियन. मार्च १९४५ मध्ये ते पळाले आणि लपतछपत चालत स्वित्झर्लंडला पोचले. मग एका बाईंनी आजोबांना स्वच्छतागृह कुठे आहे विचारलं आणि ते तिकडे गेले.

मला धक्का बसला असं म्हणणं खोटं होईल. जर्मनीत अकरा वर्षं राहिल्यावर अशी गोष्ट कुठेही पायाखाली निघू शकते हे माहीत असतं. मी श्टुटगार्टमध्ये किलेसबर्गजवळ राहते. रोज संध्याकाळी त्या बागेत चालायला जाते, डेलियाचे वाफे तिथलेच आईला सगळ्यात आवडतात. ती बागही नाझी काळातल्या, १९३९ च्या राइश म्हणजे देशपातळीवरच्या उद्यान मेळ्यासाठी जुन्या दगडखाणीत बनवलेली. आणि १९४१ च्या नोव्हेंबरअखेर त्याच मेळ्याच्या सभागृहात वुर्टेमबर्गमधले सुमारे हजार ज्यू गोळा करून ठेवले, १ डिसेंबरला त्यांची गाडी लाटव्हियातल्या रिगाला निघाली. बागेत त्याचा स्मारकदगड आहे. मी त्याच्यासमोरून शेकडो वेळा गेले असेन, इयरफोन लावून. मेळ्यातून परत येताना गाडीत मला लाज वाटली ती या गोष्टीची, युबरलिंगनची नाही. तिथल्या आजोबांना निदान सांगता येत होतं.

आईला मी सांगितलं नाही. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. तिनं त्या भरावाबद्दल दोनदा विचारलंही, मी विषय बदलला.

२०२३ च्या जुलैमध्ये ती आली. तिला पॅरिस नको, स्विस बर्फ नको. "ते भराववालं तळं दाखव." या वेळी मी जागी राहिले आणि थर्मेलाच उतरलो. कुंपण गेलेलं, तिकीट गेलेलं. उफरपार्कात पोरं पाण्यात दगड मारत होती, काठ आता उतरता खडीचा केलाय, थेट पाण्यात जाता येतं. कर्दळ नव्हती. मेळ्याची फुलं मेळ्याबरोबर जातात, राहतात ती झाडं आणि गवत. आईनं चपला काढल्या, पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, गार आहे गं, आपल्या कृष्णेपेक्षा. मग मी तिला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. पाय पुसले आणि चपला घालून रुळांपलीकडच्या कड्याकडे बघत म्हणाली, "आत जाता येतं?"

येतं. पण ठरावीक दिवशीच आणि वाटाड्या बरोबर असला तरच. मी मुद्दाम तो दिवस साधला होता, तिला नको वाटलं तर धक्क्यावर बसू असा विचार करून.

आत गेल्यावर पहिल्यांदा दिसल्या होड्या. ताडपत्रीत गुंडाळलेल्या, रांगेनं. बोगद्याचा काही भाग लोक होड्या ठेवायला वापरतात. आई माझ्या कानाशी लागून, "या इथं काय करतायत?" मी सांगितलं. ती म्हणाली, "हं." पुढे दिवे कमी. वाटाड्या जर्मनमध्ये बोलायचा, मी मागे कुजबुजत मराठीत. आकडे मला पाठ होते, तरी इतक्या हळू आवाजात ते मराठीत म्हणताना जड गेले. एकशे अडुसष्ट. आईनं विचारलं, किमान म्हणजे? मी म्हटलं, सापडलेले. भिंतीवर छिद्रं पाडल्याच्या उभ्या रेघा होत्या. तिनं एका रेघेवर बोट ठेवलं, खालपर्यंत नेलं. बोटाला रवा लागला. तो तिनं पुसला नाही, साडीला हात लागू न देता तसाच धरून चालत राहिली, बाहेर येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी बिर्नाऊला गेलो. तळ्यावरच्या टेकडीवर गुलाबी चर्च आहे, १७४६ ते १७५० मधलं, पेटर थुमनं बांधलेलं. आत इतकं सोनं, इतके देवदूत की लग्नाच्या हॉलमध्ये आल्यासारखं वाटतं. सगळे एका गुटगुटीत देवदूताचा फोटो काढतात, तो मधाच्या पोळ्यातलं बोट चाटतोय. आईला तो बाळकृष्णच वाटला, तिनं नमस्कारही केला. चर्चपासून थोडं वर गेलं की कैद्यांचं दफनस्थान आहे. मेलेल्यांपैकी ९७ जण आधी जंगलात एका खड्ड्यात पुरलेले होते, १९४६ मध्ये फ्रेंच अमलात त्यांना काढून इथे आणलं. चर्चसमोर तीन बस उभ्या होत्या. इथे आम्ही दोघीच. गवत नुकतंच कापलेलं होतं, तसा वास येत होता.

"माळी चांगला आहे," आई म्हणाली. आणि नंतर, बऱ्याच वेळानं, "वरची माती आणून घातलेली दिसते."

खाली उतरल्यावर भूक लागली होती. या भागात डिनेले म्हणून पातळ भाकरीसारखा प्रकार मिळतो, वर आंबट साय आणि कांदा. डुकराचं मांस घालतात, ते नको म्हणून आधीच सांगावं लागतं. आईनं अर्धा खाल्ला आणि थालीपिठाला लोणी कमी पडलंय असा निकाल दिला.

कुणी जाणार असाल तर : उफरपार्क आता कायम खुला आहे, फुकट. थर्मे स्टेशनवर उतरा, झोपू नका. वेदी बघायला सकाळी जा. बोगद्याच्या फेरीचा दिवस आधी बघून ठेवा आणि भर उन्हाळ्यातही स्वेटर न्या. आईनं नेला होता. मी नेला नव्हता, म्हणून अर्ध्या वाटेत तिनं तिचा काढून माझ्या अंगावर टाकला आणि वाटाड्याला मराठीत म्हणाली, "चालू दे तुमचं."